जुना डेक, उतरलेले सेल आणि सात सेकंद



यंदाच्या पावसाळ्यात आमच्या मागच्या खोलीतल्या टेबलावर एक कॅसेट डेक पोट उघडून पडलेला होता. शेजारी चिमटा, कापूस, शिवणाचा दोरा आणि जुन्या मसाल्याच्या डब्याच्या सात वाट्या. त्या वाट्यांत स्क्रू ठेवले होते, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. येणारा-जाणारा विचारायचा, "हे काय मांडलंय?" मी म्हणायचे, "सासूबाईंचा आवाज शोधतेय." मग कुणी पुढे विचारायचं नाही.

गोष्ट एका कॅसेटची आहे. साठ मिनिटांची कॅसेट, पिवळं पडलेलं लेबल आणि त्यावर माझ्या यजमानांचं शाळकरी अक्षर: 'आई. भक्तामर. ऑक्टोबर 93.'

ऑक्टोबर 93 म्हटलं की लातूरच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गावात गणपती विसर्जन आणि आपल्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. त्या रात्री दमून झोपलेली माणसं पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपाने उठली. कित्येक उठलीच नाहीत. किल्लारी आणि आसपासची गावं मातीच्या ढिगाखाली गेली. लातूर शहर तिथून चाळीसेक किलोमीटर, त्या मानाने वाचलं. पण रात्री घरात झोपायची हिंमत कुणाची होती? जमीन मधूनमधून हलतच होती. आमच्या घरची माणसंही मागच्या मोकळ्या प्लॉटवर सतरंज्या टाकून झोपत होती. यजमान तेव्हा चौदा वर्षांचे, नणंदबाई अकरा वर्षांच्या. घरातला टू-इन-वन उशाशी असायचा. दिवसभर त्यावर बातम्या चालू, कोणत्या गावात किती गेले, मदत कुठे पोचली. आणि दिवस मावळला की सासूबाई भक्तामर म्हणायच्या. मोठ्याने, अठ्ठेचाळीस श्लोक, रोज. शेजारपाजारच्या बायका आपापली अंथरुणं जवळ ओढायच्या. अशाच एका रात्री यजमानांनी ते टेप केलं.

मी या घरात आले ती त्यानंतर दहा वर्षांनी. सासूबाई 2011 साली गेल्या. पहिल्या पुण्यतिथीला सगळे जमले तेव्हा एका नातेवाइकाच्या प्लेअरवर ही कॅसेट लावली. सुरुवात छान झाली. पण हळूहळू आवाज बारीक होत गेला आणि दुसरी बाजू संपेपर्यंत पार चिरका झाला, कार्टूनमध्ये उंदीर बोलतो तसा. पोरं हसायला लागली. नणंदबाई उठून आत गेल्या. परत आल्या त्या डोळे पुसत आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही ती स्पीकरवर ठेवलीत. चुंबकाने गेली. आईची एवढी एकच गोष्ट होती."

कॅसेटचा डबा मी स्पीकरवर ठेवला होता, हे खरंच होतं. मी काही बोलले नाही. पण ते वाक्य माझ्या आत बारा-तेरा वर्षं राहिलं. दर क्षमावाणीला मी नांदेडला फोन करायचे, "ताई, उत्तम क्षमा." त्या म्हणायच्या, "उत्तम क्षमा, वहिनी." मग पावसाचं, मुलांच्या परीक्षांचं बोलणं. कॅसेटचा विषय दोघींनीही कधी काढला नाही.

यंदा लेक म्हणाली, "आई, फीत आणखी खराब होण्याआधी कॉम्प्युटरवर घेऊ." पण कॅसेट वाजवायला घरात यंत्र कुठे होतं? टू-इन-वन केव्हाच भंगारात गेलेला. गंजगोलाईला जे सोळा रस्ते येऊन मिळतात त्यातल्या एका रस्त्यावर जुन्या सामानाचं दुकान आहे. तिथे दीड हजारात हा डेक मिळाला. दुकानदाराने एकच खात्री दिली, "लाइट लागतो."

लाइट लागत होता. बाकी काहीच होत नव्हतं.

आमच्या गल्लीत एक चाचा आहेत. पूर्वी रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे, आता पंखे आणि मिक्सर करतात. मी डेक घेऊन गेले तर म्हणाले, "ताई, एवढा वेळ मला आता बसवत नाही. तुम्ही करा, मी सांगतो. करंटचं काम तेवढं माझ्याकडे." आणि पहिला नियम सांगितला: प्लग लावायच्या आधी डोळे लावायचे, नाक लावायचं. जळका वास येतो का, काही फुगलंय का, आधी कुणाचा हात लागलाय का, ते बघायचं.

झाकण उघडलं तर आत मुंग्यांचं घर. पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा पळायला लागल्या. फुंकर मारली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण यत्नाचार फक्त स्वयंपाकघरात पाळायचा असतो का? मऊ कुंचल्याने एकेक करून त्यांना पुठ्ठ्यावर घेतलं आणि परसातल्या जास्वंदीखाली सोडलं. अर्धा दिवस गेला. तो अर्धा दिवस नुसतं बघत बसावं लागलं म्हणूनच दुसरी गोष्ट दिसली. फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती.

चाचांना दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. फ्यूज उडतो म्हणजे यंत्र काहीतरी सांगत असतं. जास्त करंट ओढला जातोय, कुठेतरी शॉर्ट आहे. तार गुंडाळली की त्याचं तोंड बंद होतं, दोष तसाच राहतो आणि एक दिवस घर पेटतं. त्यांनी सिरीज बोर्ड आणला. त्यात एक शंभर वॅटचा बल्ब यंत्राच्या वाटेतच जोडलेला असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर नुसता मिणमिणतो. आमचा बल्ब भगभगला नाही, पण हवा त्यापेक्षा जास्त लाल होता. एक कॅपॅसिटर डोक्याशी फुगला होता. तो चाचांनी काढला, त्याच मापाचा नवा लावला आणि योग्य फ्यूज बसवला. मैत्रिणींनो, एवढा भाग मात्र जाणकाराकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, हात लावला तर फेकून देतो.

पुढचं सगळं माझं.

मोटरचा आवाज येत होता, पण चाकं फिरत नव्हती. म्हणजे मोटर ठीक, मधला दुवा तुटलेला. मोटर आणि चाक यांच्यामध्ये रबरी पट्टा असतो, बेल्ट म्हणतात त्याला. जुन्या डेकमध्ये हा बेल्ट तुटतो तरी किंवा वितळतो. आमचा वितळून डांबर झाला होता. हाताला लागला की निघत नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने दोन दुपारी तेच केलं. नवा बेल्ट मागवायला माप हवं. चाकांभोवती शिवणाचा दोरा गुंडाळला, लांबी मोजली आणि त्यापेक्षा पाचेक टक्के कमी मापाचा बेल्ट मागवला, कारण तो थोडा ताणून बसायला हवा. सैल बसला तर आवाज डुलतो, फार घट्ट बसला तर मोटर दमते.

बेल्ट बसला आणि चाकं फिरली. आवाज आला तो मात्र घोंगडीआडून आल्यासारखा. फीत ज्यावरून घासत जाते त्या हेडवर तपकिरी थर चढला होता. फितीवर असते ती चुंबकीय पावडर, तीच झिजून तिथे बसते. स्पिरिटने हेड पुसलं, फीत ओढणारा बारीक दांडा पुसला, त्याला टेकणारं रबरी चाक पुसलं. घोंगडी उतरली.

मग डाव्या बाजूला खरखर. इथे मला सगळ्यात उपयोगी पडली ती चाचांची साधी युक्ती. दोष शोधायचा असेल तर अदलाबदल करून बघा. डाव्या स्पीकरची वायर उजवीकडे लावली. खरखर डाव्या स्पीकरमध्येच राहिली असती तर दोष स्पीकरचा. पण ती उजव्या स्पीकरमध्ये गेली, म्हणजे स्पीकर बिचारा निर्दोष, दोष मागे कुठेतरी. असं एकेक पाऊल मागे जात राहायचं. शेवटी आवाज कमी-जास्त करायच्या बटणाशी पोचले. पावडर आणि धूळ बसून तिथला स्पर्श नीट होत नव्हता. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, बटण वीस-तीस वेळा इकडून तिकडे, आणि खरखर गेली.

ते बटण फिरवता फिरवता मनात आलं, खरखर जिथे ऐकू येते तिथे दोष असतोच असं नाही. आपण मात्र जिथून आवाज आला तिथेच बोट दाखवून मोकळ्या होतो.

आता खरी चूक सांगते.

चाचांनी बजावलं होतं, काम पूर्ण होईपर्यंत ती कॅसेट लावायची नाही, कामाला एखादी टाकाऊ कॅसेट वापरायची. मी बाजारातली एक जुनी भजनांची कॅसेट वापरत होते. पण खरखर गेली त्या रात्री मला राहवलं नाही. सगळे झोपलेले. मी लेबल लावलेली कॅसेट काढली आणि आत घातली. आधी घंटा वाजली. आमच्या पूजेच्या ताटातली छोटी पितळी घंटा. मग त्यांचा आवाज आला. चौदा वर्षांनी. मी तिथेच जमिनीवर बसले.

पहिली बाजू संपली. उलटून दुसरी लावली. एकतिसाव्या श्लोकाशी वीज गेली. लातुरात पावसाळ्यात काय नवल! दहा मिनिटांनी आली. खोलीचा दिवा न लावताच मी हात पुढे केला आणि कळ दाबली. आवाज येईना. मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. मग दिसलं, डेकवर लाल टिकली पेटली होती.

मी लाल कळ दाबली होती. या डेकमध्ये रेकॉर्डची कळ दाबली की शेजारची आपोआप सोबत दाबली जाते. मी झडप घालून बंद केलं. मागे नेऊन लावलं. सासूबाई श्लोक म्हणतायत, मग टक्, मग शांतता, शांततेत माझ्या बांगड्यांचा आवाज, मग टक् आणि पुढे पुन्हा त्या. घड्याळ लावून मोजलं. सात सेकंद. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर पळते. सात सेकंद म्हणजे जेमतेम फूटभर फीत, चार मिलिमीटरही रुंद नसलेली. त्यावर आता सासूबाई नाहीत, माझ्या बांगड्या आहेत.

कॅसेटच्या पाठीला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या चिमुकल्या टिकल्या असतात. त्या मोडून टाकल्या की त्या कॅसेटवर काही रेकॉर्ड होऊच शकत नाही. जुन्या घरांत सगळ्यांना हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मोडायच्या राहिल्या होत्या.

मी कुणाला सांगितलं नाही. एकतिसावा श्लोक कुठल्याही पुस्तकात मिळतो, पाठ असलेल्या बायका गल्लीत दहा आहेत. मधे एवढंसं तुटलंय ते कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं मनाला समजावलं. सकाळी उठून टिकल्या मोडल्या आणि कामाला लागले, जणू काही झालंच नव्हतं.

काम उरलं होतं ते वेगाचं. दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी आवाज तसाच चिरका येत होता, पुण्यतिथीला आला होता तसाच. मला वाटलं, हाही डेक वेगाने पळतोय. मोटरच्या पाठीत एक छोटं भोक असतं. त्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर घालून वेग कमी-जास्त करता येतो. मी हात घालणारच होते. मग आठवलं, अदलाबदल करून बघा. भजनांची कॅसेट लावली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एका सुरात. मग आमची कॅसेट उलट क्रमाने, आधी शेवट आणि मग सुरुवात अशी लावली. शेवट चिरका, सुरुवात बरी. म्हणजे डेक तापून पळतोय असंही नाही. दोष डेकमध्ये नव्हताच.

शेवटाला पुन्हा घंटा होती. यजमानांनी सुरू करताना वाजवली होती तशी संपवतानाही वाजवली होती. मी देवघरातून तीच घंटा आणली. माणसाचा आवाज वयाने बदलतो, पितळेचा नाही. टेपमधली पहिली घंटा आणि हातातली घंटा जवळजवळ सारखी वाजली. टेपमधली शेवटची घंटा मात्र हातातल्या घंटेपेक्षा चांगली दीड सूर वर होती.

चाचांना फोन केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सेलवर केलं होतं का रेकॉर्डिंग?"

सेलवरच केलं होतं. मोकळ्या प्लॉटवर वीज कुठली? आणि ते सेल दिवसभर बातम्या ऐकून संपत आलेले. सेल उतरत जातात तशी मोटर मंद होते. मंद फिरणाऱ्या फितीवर टेप केलेलं नंतर पूर्ण वेगाने वाजवलं की आवाज पळतो, बारीक होतो. सुरुवातीला सेलमध्ये थोडा जीव होता, म्हणून सुरुवात बरी. शेवटी जीव उरला नव्हता, म्हणून शेवट चिरका. चुंबकाने फीत पुसट होते, पुसलीही जाते, पण चुंबकाने वेग कधीच बदलत नाही. आमची कॅसेट स्पीकरमुळे बिघडलीच नव्हती. ती पहिल्या रात्रीपासून तशीच होती. घंटा वाजवून बघितली नसती तर मी स्क्रू फिरवून एक चांगला डेक बिघडवला असता.

मैत्रिणींनो, तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला, पण तो आवाज सापडल्याचा नव्हता. मी सुटले याचा होता. तेरा वर्षांनी पुरावा हाती लागला होता. नांदेडचा नंबर काढला, "ताई, चुंबक नव्हतं, सेल होते" एवढंच बोलायचं होतं. अंगठा बटणावर होता आणि बांगड्या वाजल्या.

त्याच बांगड्या. फोन खाली ठेवला.

आपल्याकडे निंदा आणि गर्हा असे दोन शब्द आहेत. स्वतःच्या मनाशी दोष कबूल करणं ही निंदा, गुरूसमोर बोलून कबूल करणं ही गर्हा. प्रतिक्रमणात दोन्ही असतात, एकाने भागत नाही. पूर्वी मला वाटायचं, मनात पश्चात्ताप झाला ना, मग तोंडाने सांगायला कशाला हवं? फ्यूजच्या जागेवरची तांब्याची तार बघितल्यावर ते कळलं. मनातल्या मनात मिटवलेला दोष म्हणजे गुंडाळलेली तार. वरून सगळं चालू दिसतं.

तरी आठ दिवस मी फोन केला नाही. लेकीसोबत कॉम्प्युटरवर काम करत राहिले. डेकमधून आवाज आत घेतला आणि वेग सरळ करायला बसलो. सगळीकडे सारखाच वेग कमी करून चालणार नव्हतं, कारण सेल हळूहळू उतरत गेले होते. दोन टोकांना घंटा होतीच. मधल्या भागासाठी मोबाईलवरचा तानपुरा लावला. सासूबाईंची पट्टी ठरलेली, आठ वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून भक्तामर म्हटलंय. थोडं थोडं करत, श्लोकामागून श्लोक, त्यांना त्यांच्या सुरावर आणलं.

चिरका आवाज जसा खाली येत गेला तसे मागचेही आवाज ओळखू यायला लागले. कुत्र्याचं भुंकणं. कुणाचा तरी खोकला, बहुतेक मामंजींचा. आणि चव्वेचाळिसाव्या श्लोकानंतर, इतकी वर्षं जी नुसती चिवचिव वाटत होती तिथे, एका लहान मुलीचा झोपाळू आवाज: "आई, परत हललं का गं?"

सासूबाई दोन श्वास थांबतात. उत्तर देत नाहीत. मग पुढचा श्लोक सुरू करतात, आधीपेक्षा थोड्या मोठ्याने.

लेकीने विचारलं, "ही आत्या?" मी मान हलवली.

आवाज जपून ठेवायची एवढी धडपड कशाला, देह अनित्य तसा आवाजही अनित्य, असं यजमान एकदा म्हणाले होते. त्यांचं बरोबर आहे. पण आपल्या मराठवाड्यातच कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली होती. 18 सप्टेंबर 1955 ला त्यांची समाधी झाली. त्याआधी, 8 सप्टेंबरला, सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी मराठीत शेवटचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित करून ठेवला गेला. तेव्हा कॅसेट जन्मालाही आली नव्हती, ती फिलिप्सने 1963 साली आणली. देहाचा मोह सोडायला सांगणारा तो आवाज कुणीतरी जपला म्हणूनच पुढच्या लोकांना ऐकता आला. जपणं वेगळं आणि कवटाळणं वेगळं, एवढंच मला कळतं. तेरा वर्षं मी जे कवटाळलं होतं ती कॅसेट नव्हती, ते एक वाक्य होतं.

पर्युषण सुरू झालं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा, दुसरा मार्दवाचा, तिसरा आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा, मनात एक आणि ओठांवर दुसरं नसणं. क्षमावाणीपर्यंत थांबायचं नाही असं मी ठरवलं. त्या दिवशी माफी मागणं सोपं असतं, सगळेच मागतात. शंभर जणांच्या निरोपांत आपलाही एक जातो, आणि कशाबद्दल ते सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. "ताई, आधी माझी चूक सांगते. मग दुसरं." आणि सात सेकंदांचं सांगितलं. वीज, काळोख, लाल कळ, बांगड्या, सगळं. न मोडलेल्या टिकल्यांचंही.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "कितवा श्लोक?"

"एकतिसावा."

"हं."

मग सेलचं सांगितलं, घंटेचं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला नाही. आधीचं सांगून झालं होतं म्हणूनच असेल. शेवटी त्या मुलीचा आवाज सांगितला.

"मी असं विचारलं होतं? मला काहीच आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मग आई काय म्हणाली?"

"काही नाही. पुढचा श्लोक म्हटला."

"आईच ती." हसल्या की रडल्या ते फोनवर कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वहिनी, चुंबकाचं मी बोलले होते, नाही का? सगळ्यांसमोर."

एरवी मी म्हटलं असतं, "अहो, असू द्या, मी कधीच विसरले." पण दिवस आर्जवाचा होता. म्हटलं, "हो ताई. लागलं होतं मला."

"लागणारच," त्या म्हणाल्या. आणि मग, "ती सात सेकंदांची जागा तशीच राहू द्या. दुसरीकडून काही आणून भरू नका. तुमच्या बांगड्याही राहू द्या."

तशीच ठेवलीय. नांदेडला प्रत पाठवली. त्या रोज संध्याकाळी लावतात असं जावईबापू सांगत होते.

आता तुमच्याही माळ्यावर अशा कॅसेट असतील, म्हणून चार गोष्टी. सगळ्यात आधी पाठीवरच्या टिकल्या मोडा. यंत्र नीट झाल्याची खात्री होईपर्यंत टाकाऊ कॅसेट वापरा. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. फीत तुटली तर सेलोटेप लावू नका. त्याचा चिकटा पसरतो आणि हेडही खराब होतं, फीत जोडायची वेगळी पट्टी मिळते. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, जाणकाराला दाखवा. आणि वेग बदललेला वाटला तर स्क्रूला हात घालण्याआधी दुसरी कॅसेट लावून बघा.

डेक अजून टेबलावरच आहे. शेजारच्या काकूंनी त्यांच्या वडिलांची कॅसेट आणून ठेवलीय. त्यात नुसती घरघर ऐकू येते. दोष कॅसेटचा की यंत्राचा, हे अजून कळायचं आहे. काकू म्हणतात, सुनेने खराब केली. मी म्हटलं, थांबा जरा, आधी बघू.

उत्तम क्षमा.